कानाला एक, कागदावर दोन

आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं की बेल्हे मागे पडतं, गुळुंचवाडी येते, घाट चढला की पठार लागतं आणि पठारावर आणे. या गावाच्या नावातच आजचा विषय आहे. 'आणे' हे गाव. 'आणे' म्हणजे १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत येईपर्यंत व्यवहारात असलेलं नाणं, सोळा आण्यांचा रुपया. आणि 'ती रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणे' या वाक्यातलं 'आणे' हे क्रियापद. लिहायला तिन्ही सारखे, बोलायला तिन्ही सारखे. तरीही 'उद्या आण्याला जायचंय' म्हटल्यावर पठारावरच्या कुणा आजीने 'कोणत्या आण्याला?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. वाक्यच तिला अर्थ सांगतं.

इंग्रजीत असे शब्द शेकड्यांनी आहेत आणि तिथे मात्र आपली मुलं अडतात. मोठी माणसंही अडतात आणि 'आमचं इंग्रजीच कच्चं' म्हणून गप्प बसतात. या पट्ट्यातल्या मुलांना वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवताना, त्यांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट उशिरा का होईना, नीट दिसली. 'सारख्या उच्चाराचे शब्द' या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात इंग्रज माणसाच्या तोंडीही दोन्ही शब्द हुबेहूब सारखेच असतात, फरक फक्त स्पेलिंगचा. दुसऱ्यात इंग्रजीतले उच्चार वेगळे आहेत, पण आपल्या मराठी जिभेवर येऊन ते एक झालेत. पहिल्याचा उपाय डोळ्यांनी करायचा, दुसऱ्याचा कानांनी आणि ओठांनी. उपायांची अदलाबदल झाली की वर्षं जातात, गुण येत नाही.

मी स्वतः ही अदलाबदल केली आहे. आठवीतल्या एका मुलाला आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेसाठी दोन दिवस रजा हवी होती. घरी पाहुणे येणार, आमटी-भाकरीच्या पंगतीत वाढायला हात हवेत. त्याने इंग्रजीत अर्ज लिहिला, 'आय वॉन्ट टू लीव्ह फॉर टू डेज.' पण स्पेलिंग केलं एल-आय-व्ही-ई. म्हणजे अर्जाचा अर्थ झाला, 'मला दोन दिवस जगायचं आहे.' मी लाल रेघ मारली आणि रजेचं स्पेलिंग दहा वेळा लिहायला सांगितलं. त्याने ते इमानाने दहा वेळा लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चूक. त्याच्या कानाला 'जगणं' आणि 'रजा' एकच ऐकू येत होते. जे कानाला एक, ते हाताने दोन तऱ्हांनी कसं लिहावं? त्याला स्पेलिंग नको होतं, उच्चार हवा होता. मी दिला नाही, कारण माझाही उच्चार तसाच होता.

आधी पहिलं दुखणं घेऊ. इंग्रजीतच सारख्या उच्चाराचे असणारे शब्द तसे का झाले, हे मुलांना सांगितलं की त्यांची निम्मी भीती जाते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि शब्दांचं लेखन हळूहळू ठरत गेलं. बोलणं मात्र पुढची तीनशे वर्षं बदलत राहिलं. मांस या अर्थाचं 'मीट' (एम-ई-ए-टी) आणि भेटणं या अर्थाचं 'मीट' (एम-डबल ई-टी) यांचे उच्चार तेव्हा वेगळे होते. 'नो' म्हणजे जाणणं, यातला सुरुवातीचा 'के' लोक खरोखर उच्चारत. 'राइट' म्हणजे लिहिणं, यातला 'डब्ल्यू'ही. वजनाच्या 'वेट'मधल्या 'जी-एच'चा घशातून घासून येणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज होता. ते आवाज गेले, अक्षरं राहिली. म्हणून मुलांना 'सायलेंट अक्षर' म्हणून नुसतं घोकायला लावू नका. ते मुकं अक्षर म्हणजे हे दोन शब्द एकेकाळी वेगळे होते याचा पुरावा आहे, असं सांगा. मग मूल त्या अक्षराकडे ओझं म्हणून बघत नाही.

आता गावातली उदाहरणं. गिरणीवरचा इंग्रजी फलक कित्येक ठिकाणी 'फुलांची गिरणी' असा अर्थ होईल अशा स्पेलिंगचा असतो. पीठ ते 'एफ-एल-ओ-यू-आर' आणि फूल ते 'एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर'. गंमत अशी की मुळात हे दोन्ही एकच शब्द होते. दळलेल्या धान्यातला सगळ्यात उत्तम, बारीक भाग म्हणजे धान्याचं 'फूल', म्हणून पिठाला ते नाव पडलं. स्पेलिंगं नंतर वेगळी झाली. ही हकीकत एकदा ऐकलेला मुलगा दोन्ही शब्द विसरत नाही.

वह्या-पेनांच्या दुकानाची 'स्टेशनरी' शेवटी 'ई-आर-वाय' अशी. 'ए-आर-वाय' लिहिलं तर अर्थ होतो 'एका जागी थांबलेलं'. इथेही दोघांचं मूळ एक. पूर्वी युरोपात पुस्तकं आणि कागद विकणारे बरेचसे फिरस्ते असत. ज्याचं दुकान एका जागी कायम, तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडचा माल तो 'स्टेशनरी'. आपल्याकडे आठवडे बाजारात पाल ठोकणारा आणि गावात गाळा असणारा दुकानदार यांत जो फरक, तोच हा.

सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाच्या कागदावर 'प्रिन्सिपल' हा शब्द असतो. ती मुद्दल. कॉलेजचे प्राचार्य तेही 'प्रिन्सिपल'. दोन्हींचं स्पेलिंग 'पी-ए-एल'ने संपतं, कारण दोन्हींत अर्थ 'मुख्य' असा आहे, मुख्य रक्कम आणि मुख्य माणूस. तत्त्व या अर्थाचा शब्द 'पी-एल-ई'ने संपतो. 'मुख्य असेल तिथे ए' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण या भागातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पैकी मधल्या चौदा तिथे जवळजवळ आणि बाकीच्या तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. त्या पकडतात त्या रेडिओ लहरी, म्हणजे 'वेव्ह', 'डब्ल्यू-ए-व्ही-ई'. बातम्यांत कर्जमाफीसाठी येणारा इंग्रजी शब्द 'वेव्हर' हा मात्र 'डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई'पासून झाला. त्याचा अर्थ हक्क सोडून देणं, माफ करणं. कर्जमाफीच्या अर्जात 'लहर' लिहिली गेलेली मी पाहिली आहे.

असेच 'प्रे'. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे म्हणून हा शब्द आपल्या मुलांना कळायलाच हवा. भक्ष्य ते 'पी-आर-ई-वाय', प्रार्थना ती 'पी-आर-ए-वाय'. आणि घाटात लागतो तो 'ब्रेक' शेवटी 'के-ई', तर तोडणं 'बी-आर-ई-ए-के'. यासाठी मी मुलांना 'ब्रेकफास्ट' सांगतो. फास्ट म्हणजे उपवास, तो मोडणं म्हणजे ब्रेकफास्ट. मोडण्या-तोडण्याचं स्पेलिंग न्याहारीतलंच. 'हिअर' म्हणजे ऐकणं, त्यात 'ई-ए-आर' म्हणजे कान आहेच. 'इथे', 'तिथे', 'कुठे' या तिन्ही इंग्रजी शब्दांत 'एच-ई-आर-ई' सापडतं. त्यामुळे जागा सांगणारं 'देअर' कोणतं आणि 'त्यांचं' या अर्थाचं कोणतं, हा प्रश्न उरत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. हे शब्द मुलांना जोडीने शिकवू नका. मार्गदर्शकांत डाव्या बाजूला एक शब्द, उजव्या बाजूला दुसरा अशा याद्या असतात. त्या उजळणीसाठी ठीक आहेत, शिकवण्यासाठी वाईट. दोन नवे, सारखे दिसणारे शब्द एकाच तासाला दिले की ते डोक्यात कायमचे गुंततात. पुढे जन्मभर 'यातलं हे की ते?' असा गोंधळ राहतो. आज आठवडा या अर्थाचा 'वीक' शिकवा आणि तो आठ-दहा वाक्यांत वापरा. अशक्त या अर्थाचा 'वीक' महिन्याने, आजारपणाच्या धड्यात येऊ दे. पहिला पक्का बसल्यावर दुसरा त्याला धक्का लावत नाही. आणि शब्द नेहमी वाक्यात लिहून ठेवा. 'आणे' आपल्याला वाक्यातच कळतं, तसंच हे.

मोबाइल किंवा कॉम्प्युटर आपली चूक दाखवेल या भरवशावरही राहू नका. 'फुलांची गिरणी' लिहिलं तर दोन्ही शब्द इंग्रजीत खरेच आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा खाली लाल रेघ येत नाही. या प्रकारच्या चुका माणसानेच वाचून काढायच्या असतात.

आता दुसरं दुखणं, आणि माझ्या मते आपल्यासाठी हेच मोठं. आपल्या भाषेत 'ए' एकच आहे. इंग्रजीत मात्र दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब, शेवटी 'इ'कडे सरकणारा. इंग्रजीसाठी मराठीने 'बॅट'मधली चंद्रकोर घेतली, 'बॉल'मधली घेतली, पण 'ए'च्या या दोन रूपांसाठी काही चिन्ह घेतलं नाही. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. आपल्याकडे ती नसल्यामुळे लिहायचं पेन आणि दुखणं या अर्थाचं 'पेन' एकच होतं. रक्ताची 'टेस्ट' आणि आमटीची 'टेस्ट' एकच होते. टोमॅटोवर सावली धरणाऱ्या 'शेडनेट'मधलं शेड आणि गाईंचं पत्र्याचं शेड एकच होतं. बिबट्याच्या पिंजऱ्यात ठेवलेलं आमिष आणि पैज, दोन्ही 'बेट'. मराठीत बोलताना याने काही बिघडत नाही. 'आमटीची टेस्ट भारी' म्हणणाऱ्याला दुरुस्त करण्याची गरज नाही, तो मराठीच बोलतोय. बिघडतं ते इंग्रजी लिहिताना आणि परक्या माणसाशी इंग्रजीत बोलताना.

'सेल' हा शब्द घ्या, कारण यात दोन्ही दुखणी एकत्र सापडतात. बॅटरीचा सेल 'सी'ने, विकणं 'एस'ने आणि शेवटी दोन 'एल'. या दोघांचा इंग्रजी उच्चारही अगदी एकच, म्हणजे इथे फक्त स्पेलिंग पाठ करायचं. दिवाळीत कपड्यांचा लागतो तो 'सेल' मात्र तिसरा, लांब 'ए'चा. त्याचा उच्चारच वेगळा शिकायचा. 'वेस्ट'मध्ये तर चार शब्द बसलेत. कंबर आणि वाया घालवणं, हे दोन इंग्रजांच्याही तोंडी सारखे. पश्चिम दिशा आखूड 'ए'ची. आणि बनियन किंवा बंडी या अर्थाचा शब्द 'व्ही'ने सुरू होणारा. मुलांसमोर हे चार शब्द आणाल ते अगदी शेवटी, चारही वेगवेगळे येऊ लागल्यावर.

लांब 'ए' शिकवण्यासाठी मराठीतच सोय आहे. 'देय रक्कम'मधला 'देय' म्हणा. 'पेय' म्हणा, 'श्रेय' म्हणा. शेवटच्या 'य'कडे जीभ वर सरकते तिकडे लक्ष द्या. इंग्रजीतला लांब 'ए' जवळजवळ हाच. 'पेय' म्हणून लगेच 'न' जोडा, दुखणं या अर्थाचा शब्द झाला. आता 'पेन' पटकन म्हणून 'न'वर थांबा, जबडा जरासा जास्त उघडा आणि आवाज ताणू नका. ही लेखणी झाली. पाचवीतल्या मुलांना हे पाच मिनिटांत जमतं. मोठ्यांना लाज वाटते म्हणून वेळ लागतो.

'व'चंही तसंच. आपला 'व' इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या मधे कुठेतरी आहे. लिहिताना आपण 'व्हॅन', 'व्हिडिओ' असा 'व्ह' घालून 'व्ही' दाखवतो खरे, पण 'व्हॉट्सॲप' आणि 'व्हाइट'लाही तोच 'व्ह' घालतो आणि हे दोन्ही शब्द 'डब्ल्यू'चे. म्हणजे मराठी लेखनाकडे बघून उच्चार ठरवायला गेलं की फसायला होतं. नारायणगाव-जुन्नरकडच्या द्राक्षबागांतला वेल 'व्ही'ने आणि द्राक्षांची वाइन 'डब्ल्यू'ने. निर्यातीसाठी बोलणी करणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक जमलाच पाहिजे. यासाठी आरसा घ्या. चुलीत फुंकर घालताना ओठ गोल होतात तसे करा आणि मग उघडा, हा 'डब्ल्यू'. दात ओठाला लागता कामा नयेत. 'व्ही'ला मात्र वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि आवाज काढा. ओठाला बारीक मुंग्या आल्यासारखं वाटलं की बरोबर. आरशात दोन्ही वेगळे दिसतात. कानाला फरक कळायच्या आधी डोळ्यांना कळतो.

तिसरा घोटाळा ऱ्हस्व-दीर्घाचा, त्या रजेच्या अर्जातला. 'तीळ', 'पूल', 'मूल' यांत आपण शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार-उकार दीर्घ म्हणतो आणि दीर्घच लिहितो. ही मराठीची सवय आहे आणि मराठीत ती योग्यच आहे. पण तीच सवय इंग्रजीत नेली की टेकडीची टाच होते, जहाजाचं मेंढरू होतं, 'भरलेलं' म्हणायला जावं तर 'मूर्ख' निघतं. यावरचा उपाय आपल्या माणसांनी कधीच शोधून ठेवलाय. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथे आणि राज्यभर तंबूंवर, थिएटरांवर पाटी लागत आली ती 'हाऊसफुल्ल'. एक 'ल' जास्त. पाण्याची टाकीही आपल्याकडे 'फुल्ल' होते. हा जादा 'ल' चुकून आलेला नाही. उकार आखूड ठेवायचा तर पुढचं व्यंजन दाबून म्हणावं लागतं, हे सामान्य माणसाच्या कानाने बरोबर ओळखलं. तीच युक्ती सरावासाठी वापरा. आखूड उच्चाराच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन सुरुवातीला मुद्दाम दाबा: 'हिल्ल', 'फिल्ल', 'शिप्प', 'लिव्व्ह'. इंग्रजीत व्यंजन दुप्पट होत नाही, पण आठ दिवस असं म्हटलं की स्वर आपोआप आखडतो आणि मग दाब काढून टाकता येतो. रजेच्या 'लीव्ह'ला मात्र 'तीळ'मधल्यासारखा भरपूर दीर्घ ईकार द्या.

सराव नीट होतोय का हे मोबाइलवर तपासता येतं. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा, भाषा इंग्रजी ठेवा आणि एकच शब्द म्हणा. पूर्ण वाक्य म्हणू नका. वाक्य दिलं तर फोन अंदाजाने बरोबर शब्द लिहितो आणि आपल्याला आपली चूक कळत नाही. एकट्या शब्दात अंदाजाला जागा कमी. 'जहाज' म्हणताना पडद्यावर 'मेंढरू' उमटलं तर पुन्हा म्हणा. दिवसाला दोन शब्द, दोन्ही वेगवेगळ्या गटांतले, एवढं बस.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू होई. म्हणजे आज पहिली-दुसरीत असलेल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. आजी-आजोबा नाहीत. दोघांनाही मला सांगायचंय की मुलाला मदत करायला तुमचं इंग्रजी उत्तम असायची गरज नाही. मुलाला वाक्य मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याचा अर्थ मराठीत विचारा. वाक्यात 'वेट' आला तर 'थांब, वजन की ओलं?' एवढं विचारलं तरी मूल परत वाक्याकडे बघतं. ते बघणं हाच अभ्यास. 'बी-ओ-ए-टी बोट, बोट म्हणजे होडी' हे आपण लहानपणी घोकलं, त्यात स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ तिन्ही एका दमात होते. ती जुनी रीत टाकून देण्यासारखी नव्हती. तिच्यात फक्त वाक्य कमी होतं, तेवढं जोडा.

शेवटची गोष्ट दुकानदारांसाठी आणि घरी पाहुणे उतरवणाऱ्यांसाठी. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्रीला परप्रांतातली माणसं येतात आणि आपल्या पाट्या इंग्रजीत वाचतात. प्रेक्षणीय स्थळं दाखवण्याच्या पाटीवर 'बांधकामाची साइट' लिहिलेली असते, भाड्याच्या जागी 'जत्रा' असते, मोठ्या खोलीच्या 'स्वीट'ला 'गोड' लिहिलेलं असतं. पेंटर आपण देऊ तेच रंगवतो, त्यात त्याचा दोष नाही. पाटी रंगवायला टाकण्याआधी मजकूर कागदावर स्वच्छ लिहा, गावातल्या शाळेत जा आणि इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांचं काम आहे. कुणीही शिक्षक त्याला नाही म्हणणार नाही.